टिग्रान पेट्रोसियन, बारा डाव: कामाच्या नोंदी

४ जानेवारी

आजपासून कामाला हात घातला. बुद्धिबळपटू पेट्रोसियनचे बारा डाव, मराठी टिपणांसह, मोबाइलवर वाचता येतील अशी छोटी पुस्तिका. प्रत्येक डावाला चार-पाच आकृत्या, त्याहून जास्त नाहीत. मांडणी मैत्रीण करणार, मजकूर आणि चाली तपासणं माझ्याकडे. चाचणी वाचक म्हणून तेरा वर्षांचा भाचा, जो स्पर्धा खेळतो आणि कंटाळा आला की तोंडावर सांगतो.

हाच का, असं मैत्रिणीनं विचारलं. खरं उत्तर असं की वीस वर्षं मी याचे डाव उलटून पुढे गेलो. हल्ल्यांसाठी गाजलेल्या तालचे डाव वाचताना छाती धडधडते, अमेरिकन फिशरचे वाचताना सगळं सोपं वाटतं, आणि याचे वाचताना जांभई येते. जो माणूस सहा वर्षं जगज्जेता होता त्याचे डाव वाचून जांभई येत असेल, तर चूक बहुधा वाचणाऱ्याची आहे.

तात्पुरतं नाव: ‘बचावाचा बादशहा’. पटलेलं नाही, पण फाइलला काहीतरी नाव हवं.

९ जानेवारी

चरित्राचं पान लिहिलं. एकच पान ठेवायचं ठरलं होतं, दीड झालं.

जन्म १७ जून १९२९, तिबिलिसी. जॉर्जियाची राजधानी, घर मात्र आर्मेनियन. युद्धाच्या काळात आई-वडील दोघंही गेले. वडील तिथल्या अधिकारी भवनात देखरेखीचं काम करायचे, त्यांच्यामागे ते काम आणि रस्ते झाडणं या मुलाच्या गळ्यात पडलं. त्याच वयात कानांचा त्रास सुरू झाला आणि तो जन्मभर राहिला. बुद्धिबळ शिकवलं अर्चिल एब्रालिड्झे यांनी, पण डोक्यात घर केलं ते निम्झोविच या खेळाडू-लेखकानं. समोरच्याला काय हवंय ते त्याच्याआधी ओळखायचं आणि ते घर आधीच बंद करून टाकायचं, ही निम्झोविचची शिकवण. १९४६ मध्ये येरेवान, १९४९ मध्ये मॉस्को, १९५२ मध्ये ग्रँडमास्टर.

लिहिताना मोह झाला की ‘अनाथ मुलगा म्हणून सावध खेळाडू’ असं एक वाक्य टाकावं. टाकलं, वाचलं, खोडलं. अनाथ झालेली सगळीच मुलं हत्तीचा बळी देत नाहीत.

१५ जानेवारी

आजचा पूर्ण दिवस अक्षरांत गेला. मोहरी मराठीत लिहायची: रा, व, ह, उं, घो, म्हणजे राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा. प्याद्याला अक्षर नाही. x म्हणजे मारलं, आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल. पटाचे उभे रकाने आधी अ, ब, क, ड, ई, फ, ग, ह असे घेतले होते. दिसायला देखणं. मग लक्षात आलं की शेवटचा रकानाही ‘ह’ आणि हत्तीही ‘ह’. ‘ह-ह१’ ही चाल वाचून मैत्रीण म्हणाली, “अरे, हसतोयस का खेळतोयस?” म्हणून रकाने ए, बी, सी असेच ठेवले.

दुसरा गोंधळ मी स्वतः घातला. डावाच्या चाली साठवणाऱ्या पीजीएन फाइलमध्ये मोठा बी म्हणजे उंट आणि लहान बी म्हणजे रकाना. मी एका फटक्यात शोधून-बदला केलं, लहान-मोठं न पाहता. संध्याकाळी भाच्याचा फोन: “मामा, काळ्याचा हा उंट नुसता ४ वर गेलाय. मग ३ वर, मग २ वर. याला रकानाच नाही.” ते बी रकान्यातलं प्यादं होतं, वजीर व्हायला निघालेलं.

सगळ्या फाइल परत उतरवल्या. या वेळी हाताने.

२१ जानेवारी

पहिला खरा डाव घेतला: रेशेव्हस्की विरुद्ध पेट्रोसियन, झ्युरिक, १९५३. काळी मोहरी पेट्रोसियनची. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, आणि याचं वय २४.

पंचविसाव्या चालीपाशी पट लावून बसलो. संगणकावर नाही, लाकडी पटावर. पांढऱ्याची डी४ आणि ई५ वर दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी. मागे ई रकान्यात दोन हत्ती एकामागे एक, एफ४ वर वजीर, जी४ वर उंट. हे सगळं एकदा पुढे सरकलं की काळ्याचं घर कोसळणार, हे भाच्यालाही दिसलं. काळ्याचा घोडा सी६ वर अडकलेला. त्याला डी५ वर जायचंय. तिथे बसला तर त्या प्याद्यांची वाटचाल संपली. डी५ ला जायचा रस्ता ई७ वरून, आणि ई७ वर स्वतःचाच हत्ती ठाण मांडून बसलेला.

हत्तीला हलवायचं तर कुठे? पेट्रोसियननं तो ई६ वर ठेवला. जी४ वरच्या उंटाच्या तोंडात.

२५...ह-ई६. न मारता, शह न देता, काहीही न धमकावता. हत्ती फक्त एक घर पुढे सरकला आणि म्हणाला, घ्या.

२२ जानेवारी

कालच्याच चालीवर आहे. रेशेव्हस्कीनं हत्ती लगेच घेतलाच नाही, हे मी आधी नीट पाहिलं नव्हतं. २६.ए४ खेळला, मग घोडा ई७ वर आला, आणि तेव्हा कुठे २७.उंxई६ एफxई६.

आता हिशेब. काळ्याकडे हत्तीच्या बदल्यात उंट, म्हणजे कागदावर तोटा. पण घोडा डी५ वर जाऊन बसला आणि त्याला तिथून हुसकायला पांढऱ्याकडे प्यादंच उरलं नाही. पांढऱ्या घरांवर चालणारा पांढऱ्याचा उंट ई६ वर खर्ची पडला. उरलेला बी२ वर, स्वतःच्याच सी३, डी४, ई५ या प्याद्यांमागे कोंडलेला. काळ्याचा उंट मात्र जी६ वरून थेट डी३ कडे पाहतोय. तो तिथे पोचल्यावर रेशेव्हस्कीनं आपणहून ३०.हxडी३ करून हत्ती परत दिला. एक्केचाळिसाव्या चालीला बरोबरी.

बरोबरी! या डावाला आकृत्या किती द्यायच्या? ठरवलं होतं पाच. सात झाल्या. राहू देत.

२ फेब्रुवारी

भाच्याला चार डाव वाचायला दिले होते. त्याचा अभिप्राय जसाच्या तसा: “मामा, छान आहे, पण झालं काय?”

मी म्हटलं, हल्ला थांबला. तो म्हणाला, “पण हल्ला तर झालाच नाही.”

बरोबर बोलला. दोन दिवस याच वाक्यावर अडलोय. तालच्या डावात जे घडलं ते आकृतीत दिसतं: इथे घोडा मारला, इथे राजा उघडा पडला, इथे मात. याच्या डावात उत्तम चालीनंतरची आकृती आणि आधीची आकृती जवळपास सारखीच. जे टळलं ते पटावर उमटतच नाही. वाचणाऱ्याला जांभई येते ती यामुळे, आणि मला वीस वर्षं यायची तीही यामुळेच.

संगणकही फार मदत करत नाही. कोण वरचढ हे सांगणारा त्याचा आकडा चालीआधी जेवढा तेवढाच चालीनंतर, मग वाचणारा म्हणतो, हलवलं कशाला?

४ फेब्रुवारी

उपाय सापडलासा वाटतो. प्रत्येक महत्त्वाच्या जागी दोन आकृत्या शेजारी. डावीकडे खरी स्थिती. उजवीकडे जी कधी आलीच नाही ती: समोरच्याला हव्या त्या तीन-चार चाली करू दिल्या असत्या तर पट कसा दिसला असता. खाली चौकट, तिचं शीर्षक ‘काय होऊ दिलं नाही’.

रेशेव्हस्कीच्या डावात करून पाहिलं. उजवीकडे काळ्यानं नुसतं ए-प्यादं सरकवत वेळ घालवला, पांढऱ्याचं प्यादं ई६ वर, दुसरं डी५ वर. भाच्याला ती पाठवली. उत्तर आलं: “अरे बापरे.” एवढंच. पण दोन तारखेपेक्षा बरं.

मैत्रीण मात्र वैतागली, कारण सगळ्या पानांची रुंदी बदलावी लागणार. चहा माझ्याकडून.

८ फेब्रुवारी

उन्झिकरविरुद्धचा डाव, हॅम्बर्ग १९६०, सोव्हिएत संघ विरुद्ध पश्चिम जर्मनी सांघिक सामना. हा माझा सगळ्यात लाडका होत चाललाय.

पेट्रोसियन पांढरा. त्याच्याकडे सी रकाना आहे, काळ्याला हलायला जागा नाही. आता जिंकायचं तर राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलून तिथे वाट फोडायची. पण तिथे स्वतःचाच राजा राहतो. साधा माणूस म्हणेल, थोडा धोका पत्करू. पेट्रोसियन २९व्या चालीला राजा एफ१ वर आणतो. मग ई१. मग डी१. मग सी१. मग बी१. वजीर आणि हत्ती पटावर असताना राजा चालत चालत पार दुसऱ्या टोकाला, जसं घर दुरुस्तीला काढण्याआधी माणूस बिऱ्हाड हलवतो. बिऱ्हाड हललं, मग प्यादी सुटली.

भाचा: “आणि तोवर समोरचा काहीच करत नव्हता?”

करत होता ना. राजा जी८, राजा एच७, राजा जी८, राजा एच७.

इथे उजवीकडची आकृती करताना गंमत झाली. समोरच्याला काय हवं होतं ते शोधायला गेलो तर त्याला काहीही हवंसं उरलेलंच नव्हतं. इच्छाच संपवल्या होत्या.

११ फेब्रुवारी

‘बचावाचा बादशहा’ रद्द. बचाव म्हणजे कुणी मारायला आल्यावर करायची गोष्ट. इथे कुणाला येऊच दिलेलं नाही.

१७ फेब्रुवारी

कुरासाओ १९६२, आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा. यावर एक परिच्छेद हवा की नको, यावरून मैत्रिणीशी वाद. ती म्हणते, डावांची पुस्तिका आहे, राजकारण नको. मी म्हणतो, टाळलं तर वाचणारा म्हणेल झाकतोय.

शेवटी टाकला. २७ डावांत पेट्रोसियनचे १७॥ गुण, आठ विजय, १९ बरोबऱ्या, पराभव शून्य. केरेस आणि गेलर, दोघंही सोव्हिएत, प्रत्येकी १७. या तिघांचे आपसातले बाराही डाव बरोबरीत सुटले, तेही बहुतेक लवकर. फिशर १४ गुणांवर राहिला आणि त्यानं उघड आरोप केला की सोव्हिएत खेळाडू आधी ठरवून खेळले. त्यानंतर फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, आव्हानवीर ठरवायची ही पद्धतच मोडली आणि समोरासमोरच्या सामन्यांची पद्धत आणली.

माझं मत टिपणात दिलंय: बारापैकी बारा योगायोगानं होत नाहीत. पण ताकद वाचवून ठेवणं आणि सगळ्यात बलवान असणं या दोन गोष्टी एकाच माणसाच्या असू शकतात. पुढच्याच वर्षी मॉस्कोत तेव्हाच्या जगज्जेत्या बोट्विनिकला त्यानं १२॥–९॥ असं हरवलं, पाच विजय, दोन पराभव, आणि तेही पहिला डाव हरल्यावर. तिथे कुणी सामंजस्य करायला बसलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

१९६६, मॉस्को, स्पास्कीविरुद्धचा जगज्जेतेपदाचा सामना, दहावा डाव, पेट्रोसियन पांढरा. कंटाळवाणा म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायचा तो हाच.

विसाव्या चालीला काळ्याचा उंट एच३ वर येऊन एफ१ च्या हत्तीवर बसतो. पांढरा हत्तीकडे बघतही नाही, २१.घो-ई३. हत्ती घ्या. मग चोविसाव्या चालीला दुसरा हत्ती एफ४ वरच्या घोड्यासाठी. एका डावात दोन एक्स्चेंज सॅक्रिफाइस, म्हणजे उंट किंवा घोड्यासाठी हत्तीचा बळी. मग उंट ई६ वरून शह देतो, घोडा ई४ वर, तिथून डी६. आणि तिसावी चाल: ३०.व-एच८ शह. वजीर सरळ राजाच्या मांडीवर. राजानं घेतला की ३१.घोxएफ७, शह आणि जी५ वरच्या वजीरावर एकाच वेळी झडप. सगळी मारामारी संपल्यावर पांढऱ्याकडे एक घोडा जास्त उरतो. स्पास्कीनं तिथेच डाव सोडला.

तो वजीर एच८ पर्यंत पोचला कसा, याचा माग काढत मागे गेलो. तो बी२ वरून आला, ए१–एच८ या लांब कर्णावरून. आणि बी२ वर तो कसा आला? सतराव्या चालीला स्पास्कीनं आपला जी७ वरचा उंट बी२ च्या उंटाशी बदलला, वजीरानं परत घेतलं. म्हणजे स्वतःच्या राजाची राखण करणारा उंट देऊन काळ्यानं पांढरा वजीर त्या कर्णावर आणून बसवला, आणि तेरा चालींनी तो त्याच वाटेनं घरात शिरला. हे मला चौथ्या वाचनात दिसलं. पेट्रोसियनला कधी दिसलं असेल देव जाणे.

सामना १२॥–११॥. अलेखाइननं १९३४ मध्ये बोगोल्युबोव्हला हरवून मुकुट राखला होता, त्यानंतर सामना जिंकून मुकुट राखणारा पहिला जगज्जेता हाच. (बोट्विनिकनं दोनदा राखला, पण बरोबरीवर.)

३ मार्च

१९६९ चा पराभव, स्पास्कीकडूनच, १०॥–१२॥. दोन ओळींत उरकला. १९६८ मध्ये येरेवान विद्यापीठातून घेतलेली पदवी, विषय बुद्धिबळातला तर्क, तीही त्याच परिच्छेदात.

वेळ गेला तो १९७१ च्या ब्यूनस आयर्सला, फिशरविरुद्धच्या सामन्याला. फिशर सलग १९ डाव जिंकून आलेला, पहिला डाव जिंकून वीस केले. दुसऱ्यात पेट्रोसियननं ती मालिका तोडली. हा डाव आमच्या बारांत आहेच. प्रश्न सातव्याचा. तो पेट्रोसियन हरलाय.

फिशरचा घोडा सी५ वर राजासारखा बसलेला, काळ्याचा डी७ वरचा उंट बिचारा, प्याद्यांमागे अडकलेला. कुठलाही शिक्षक सांगेल, घोडा हलवू नकोस. फिशरनं २२.घोxडी७ केलं. आपलं सर्वात देखणं मोहरं त्यांच्या सर्वात निरुपयोगी मोहऱ्यावर खर्च. मग कळतं की तो बिचारा उंटच काळ्याची पडकी घरं सांभाळत होता. तो गेला, सी रकान्यातून हत्ती आत आले.

समोरच्याला टिकायला ज्याचा आधार आहे ते आधी काढून घेणं. ही पेट्रोसियनची विद्या, पेट्रोसियनवरच. सामना फिशरचा, ६॥–२॥.

डाव क्रमांक ११ म्हणून घेतला. ‘काय होऊ दिलं नाही’ची चौकट या वेळी फिशरच्या नावावर.

९ मार्च

आज मजकूर थोडा, गोष्ट मोठी. १९७१ मध्येच, फिशरच्या आधी, सेव्हिलला जर्मन ह्युब्नरशी सामना होता. खेळायच्या जागी रस्त्यावरचा गोंगाट, ह्युब्नर त्रासलेला. पेट्रोसियनला त्रास नाही, कारण त्याला कानातलं यंत्र बंद करता येत होतं. सहा डाव बरोबरीत, सातवा ह्युब्नर हरला आणि सामना सोडून निघून गेला.

याला पुढचा धागा आहे. पेट्रोसियन १९५८ ते १९७८ या काळात दहा ऑलिंपियाड, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धा, खेळला: १२९ डाव, ७८ विजय, ५० बरोबऱ्या, एक पराभव. तो एकमेव पराभव १९७२ मध्ये स्कोप्येला, घड्याळात वेळ संपल्यामुळे. समोर ह्युब्नर.

भाच्याला ही गोष्ट सगळ्या बारा डावांपेक्षा जास्त आवडली. काय बोलणार.

१५ मार्च

बारावा डाव कोणता, यावर अडलो होतो. माझ्या यादीत १९८१ होतं. पन्नाशी ओलांडलेल्या पेट्रोसियननं त्या वर्षी अठरा वर्षांच्या कास्पारोव्हला मॉस्को आणि टिलबर्ग असं दोनदा हरवलं. तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८४ मध्ये, कर्करोगानं तो गेला, वय ५५. शेवट करायला टिलबर्गचा डाव शोभला असता.

पण काल रात्री ब्रॉन्स्टाइनचा डाव पुन्हा पाहिला, ॲमस्टरडॅम १९५६. पेट्रोसियन पांढरा. काळ्याची अवस्था उन्झिकरसारखीच, श्वास घ्यायला जागा नाही. ब्रॉन्स्टाइन नुसता घोडा पुढे-मागे करतोय, बाकी त्याला करण्यासारखं काही नाही. पांढऱ्याचा वजीर डी६ वर, काळ्याच्या घरात जाऊन बसलेला. तो फिरणारा घोडा डी४ वरून एफ५ वर येतो आणि वजीरावर चाल करतो. एक साधी, पहिल्या इयत्तेची धमकी. पेट्रोसियन ३६.घो-जी५ खेळतो. वजीर तिथेच. घोxडी६. डाव खलास.

दहा चाली पुढची संकटं ओळखणाऱ्या माणसाला एका चालीवरचं दिसलं नाही. मला वाटतं, इतका वेळ समोरून काहीच येत नव्हतं की आता काही येईल हे त्याच्या मनातच राहिलं नाही. हा माझा तर्क, टिपणात ‘बहुधा’ घालूनच लिहिलाय.

टिलबर्ग बाहेर, हा डाव आत. शेवटच्या जागी नको, क्रमांक ५ वर, रेशेव्हस्कीनंतर आणि उन्झिकरच्या आधी, वर्षानुसार. बारा नंबरला १९६६ चाच सातवा डाव, स्पास्की पांढरा, जिंकला काळा. कालक्रम मोडतो, पण फिशरवर पुस्तिका संपवायची माझी तयारी नाही.

१९ मार्च

अंतिम तपासणी. ‘उं’वरचा अनुस्वार छोट्या आकृत्यांखाली उडत होता, अक्षर एका मापानं वाढवलं. डाव ३ मध्ये एक हत्ती चुकीच्या घरात, दुरुस्त केला. चरित्राच्या पानावर आर्मेनियाच्या २००० द्रामच्या नोटेचा उल्लेख वाढवला, त्यावर त्याचं चित्र आहे. नाव शेवटी साधंच ठेवलं: ‘टिग्रान पेट्रोसियन: बारा डाव’.

रात्री मैत्रिणीचा फोन. “पान ३१ वर तुझी चौकट कोरी गेलीये. ब्रॉन्स्टाइनच्या डावात. मजकूर पाठव लगेच, फाइल बंद करतेय.”

म्हटलं, कोरीच जाऊ दे.

“मग चौकट काढू?”

नको. शीर्षक राहू दे, चौकट राहू दे.